मदत हवी आहे: ओटचं हिरवं काड औषधासाठी कसं वापरायचं? (पुणे)

नमस्कार मंडळी,

आईचं वय ७४. थंडी पडली की नडग्यांना आणि पाठीला कोरडी खाज सुटते, रात्री तर फारच. त्वचारोगतज्ज्ञांचं मलम चालू आहे, त्याने दिवस निभावतो, पण रात्री झोप नाही. जर्मनीत असलेल्या नणंदेने ओटच्या काडाच्या आंघोळीचा उपाय सुचवला.

तिकडे हा जुना घरगुती इलाज आहे. काड म्हणजे देठ आणि पानं. ते उकळून, गाळून ते पाणी टबात ओततात. वनौषधी तपासण्यासाठी जर्मन सरकारने नेमलेल्या 'कमिशन ई'ने खाजऱ्या, दाहक त्वचेसाठी हा बाहेरून करायचा वापर मान्य केला होता, एका टबाला १०० ग्रॅम काड या प्रमाणात. पोटात घ्यायची पद्धतही आहे. हिरवं वाळवलेलं काड उकळत्या पाण्यात झाकून ठेवायचं आणि तो काढा मनावरच्या ताणासाठी, झोपेसाठी प्यायचा. युरोपीय औषध संस्थेने त्याची 'पारंपरिक वापर' अशी नोंद केली आहे, म्हणजे आधार वर्षानुवर्षांच्या वापराचा, चाचण्यांचा नाही. मी चमत्काराची अपेक्षा करत नाही. आईला चार तास सलग झोप लागली तरी पुष्कळ.

मंडईजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानांत विचारलं तर सगळीकडे जव पुढे केले. ते वेगळं धान्य. होमिओपॅथीच्या दुकानात 'ॲव्हेना सटायव्हा'चा, म्हणजे ओटचाच, अर्क मिळतो, पण तो अल्कोहोलमधला, आई तो तोंडात घेणार नाही. नाश्त्याच्या ओट्सचा इथे उपयोग नाही, ते नुसते दाणे.

मग मांजरी गावाजवळ ओळखीच्यांच्या गोठ्यावर गेले. त्यांनी गाईंसाठी 'फुले हरिता' लावलाय, राहुरी विद्यापीठाचं वाण. चाऱ्याचा ओट आणि औषधाचा ओट ही वनस्पती एकच. बियाण्यासाठी राखलेल्या तुकड्यात लोंब्या निसवल्यात. एक दाणा नखाने दाबला तर पांढरंशुभ्र दूध बोटावर आलं. पाश्चात्त्य वनौषधीवाले थकलेल्या मनासाठी याच दुधाळ दाण्यांचा ताजा अर्क काढतात, आणि ही अवस्था जेमतेम आठवडाभर टिकते. पुढे दाणा घट्ट होतो, काड पिवळं पडतं. म्हणून जरा घाईने विचारतेय.

माझी खरी अडचण युरियाची. त्यांनी कापणीनंतर तो टाकलाय. ओटच्या हिरव्या चाऱ्यात नायट्रेट साठतं आणि जास्त झालं तर जनावरांनाही बाधतं, मग माणसाने त्याचा काढा प्यावा का? माझं मन घेत नाही. शिवाय आईला रक्तदाबाची गोळी आहे, त्यामुळे पोटात द्यायचं ते डॉक्टरांना विचारूनच. पण आंघोळीला हेच काड चालेल ना? आमच्याकडे टब नाही, बादली आहे. बादलीला किती काड घ्यावं आणि किती वेळ उकळावं? नुसत्या पायांना शेक दिला तर फरक पडतो का?

आणि वाळवायचं कसं? रंग हिरवा राहावा म्हणून सावलीत, एवढं कळतं. पण देठ पोकळ असले तरी पेरांशी ओल धरतात, बुरशीची भीती वाटते. आधी बारीक कापून पसरावं की जुड्या बांधून टांगाव्यात? गवती चहा किंवा दुसरा पाला घरी वाळवणाऱ्यांनी नक्की सांगा.

हडपसर, लोणी, उरुळीकांचन भागात कुणी युरिया न टाकता ओट केला असेल तर कृपया व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा. दोन जुड्या पुरेत, मी स्वतः येऊन घेऊन जाईन.