शेअर्ड होस्टिंगचं लिमिट लागल्यावर तुम्ही काय केलं? कोल्हापूरकरांनो, अनुभव लिहा

सुरुवात मीच करतो. शेअर्ड होस्टिंग म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साईट, प्रत्येकीला ठरलेला वाटा. महाद्वार रोडला आमचं चपलांचं दुकान. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला आलेली माणसं गावी परत गेली की मोबाईलवरनं ऑर्डर टाकतात, आणि नेमकं तेव्हाच साईटवर एरर ५०८, रिसोर्स लिमिट इज रीच्ड, म्हणजे आमचा वाटा संपला. होस्टिंगवाल्यांचं एकच, प्लॅन वाढवा. म्हटलं आधी बघू तरी, सीपॅनेलमध्ये (होस्टिंग सांभाळायचं पॅनेल) रिसोर्स युसेज उघडलं तर सीपीयू निम्मासुद्धा नाही, पण एंट्री प्रोसेस २० पैकी २०. म्हणजे पीएचपीच्या (सर्व्हरवर पान तयार करणारा प्रोग्रॅम) वीस रिक्वेस्ट एका वेळी चालल्या की एकविसाव्या गिऱ्हाइकाला दार बंद. पेज कॅश (एकदा तयार झालेलं पान साठवून तेच पुढच्यांना देणं) लावलेलाच नव्हता, चपलेचं प्रत्येक पान दरवेळी डेटाबेसातनं नव्यानं तयार होत होतं. कॅश लावला, अजून तोच प्लॅन चाललाय. कार्ट आणि चेकआउट तेवढं कॅशमधनं वगळा, हे विसरू नका.

*

उद्यमनगरातनं लिहितोय. आमची फौंड्रीची साधी साईट, दिवसाला पन्नास माणसं येत नाहीत, तरी सीपीयू १०० टक्के! लॉग उतरवून बघितला तर रात्रभर बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, वर्डप्रेसच्या (साईट बनवायचं सॉफ्टवेअर) एक्सएमएलआरपीसी फाईलवर, जिथनं बाहेरनं लॉगिन करता येतं, पासवर्ड मारत बसलेले. एचटीअ‍ॅक्सेस या सर्व्हरच्या नियमांच्या फाईलमधनं ती फाईल बंद केली आणि सकाळी ग्राफ पार खाली.

*

माझं वेगळंच. जागा भरपूर शिल्लक आणि फोटो काही अपलोड होईना. इनोड, म्हणजे किती फाईली ठेवता येतील त्याची मर्यादा, संपलेले. प्रत्येक फाईल, प्रत्येक फोल्डर, मेलबॉक्समधला एकेक मेलसुद्धा त्यात मोजतात. जुन्या मेलबॉक्सातलं स्पॅम उडवलं, सुटलो.

*

पुराच्या दिवसांत आम्ही पोरं पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी साईटवर टाकायचो. पाणी ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ च्या धोका पातळीकडं सरकायला लागलं की नदीकाठची माणसं दर दोन मिनिटाला रिफ्रेश मारणार, त्यांचं काय चुकतंय हो, जनावरं सोडायची का नाही ते त्यावर ठरतंय. आणि अशा वेळी साईट बंद, लई जीव तुटायचा. मग वर्डप्रेस बाजूला ठेवून एकच एचटीएमएल पान केलं, पातळी, वेळ, बास. फोटो नाही, स्लायडर नाही. नवीन आकडा आला की तेवढीच ओळ बदलायची. त्याला पीएचपीच लागत नाही, त्यामुळं एंट्री प्रोसेस भरायचा प्रश्नच मिटला. त्यानंतर रात्री दोनलासुद्धा पान उघडत होतं.