वादळात कौले उडाली: आधी दुरुस्ती की आधी विमा?

प्रश्न: श्रीवर्धनजवळ घर आहे. पागोळीकडची मंगलोरी कौले उडाली, रिपाही (कौलांखालच्या लाकडी पट्ट्या) मोडल्या. घरविम्याची 'भारत गृह रक्षा' पॉलिसी आहे. नुकसान तपासणारा विम्याचा सर्व्हेअर येईपर्यंत छप्पर उघडेच ठेवायचे का?

उत्तर १: अजिबात नको! पाणी आत येऊ देणे म्हणजे नुकसान वाढवणे, आणि ते अंगाशी येते. आजच विमा कंपनीला कळवून क्लेमचा क्रमांक घ्या. चारही बाजूंचे फोटो, मोडक्या रिपांचे जवळून फोटो काढा, मग ताडपत्री बांधा. फुटकी कौले फेकू नका, सर्व्हेअर मोजतो. ताडपत्री-मजुरीची बिले ठेवा. क्लेम फॉर्म ३० दिवसांच्या आत द्या.

उत्तर २: अंदाजपत्रकात 'छप्पर दुरुस्ती' असे मोघम नको. चौरस मीटरला १५-१६ कौले धरा, तुटफुटीला थोडी जास्त. रिपा, वासे, मजुरी वेगळी लिहा. वाळवी लागलेला किंवा कुजलेला वासा वादळाच्या खाती घालू नका. झीज विम्यात बसत नाही, आणि त्यापायी खऱ्या मागणीवरही संशय येतो. राडारोडा हटवण्याचा खर्च क्लेमच्या २ टक्क्यांपर्यंत मिळतो, तो बहुतेकजण मागतच नाहीत.

उत्तर ३: नवी कौले नुसती टेकवू नका. वारा पागोळीखालून शिरून कौल उचलतो. कडेच्या ओळी तांब्याच्या तारेने रिपेला बांधा. साधी तार खाऱ्या हवेत गंजते.