450 चौरस फूट, पाच माणसं आणि आईची कोठी

लातूरला घर आहे. ज्वारीची कोठी, कूलर, पाण्याचे चार ड्रम. पाहुणा आला की मी गच्चीवर! मधली भिंत पाडू का? मिस्त्री तर तयारच बसलाय.

उत्तर (नांदेड): मिस्त्री तयारच असतो हो. भिंतीवर स्लॅबचा भार आहे का, ते आधी इंजिनिअरला दाखवा. आम्ही आत उघडणारं दार सरकतं केलं, तेवढ्या जागेत कपाट बसलं.

उत्तर (औसा): ड्रम गच्चीवर टाकीत रिकामे करा. माळ्यावर मात्र गाद्याच ठेवा. 1993 च्या भूकंपानंतर आमचे आजोबा डोक्यावर हंडासुद्धा ठेवू देत नव्हते.

प्रश्नकर्ता: आई म्हणते, कोठी हलणार नाही.

उत्तर (नांदेड): नका हलवू. वर फळी टाका, इस्त्रीचं टेबल झालं.