मदत हवी आहे : कोलाजमध्ये फोटोंभोवती पांढरी किनार राहते, लॅपटॉपही अडकतो

शेवंतीचा वाफा :
येत्या रविवारी आजीचं सहस्रचंद्रदर्शन आहे. तिच्या जुन्या फोटोंचं कोलाज करतेय. माणूस कापून पिवळसर पार्श्वभूमीवर लावला की कडेने पांढरी रेघ उरते. आजोबांच्या फोटोत तर धोतरच उडून जातं! चार-पाच फोटो लावले की लॅपटॉप जागीच थांबतो. व्हिडिओ खूप बघून झालेत, लिंका देऊ नका. बुधवारी छपाईला द्यायचंय. काय चुकतंय ते प्लीज लवकर सांगा.

खडूफळा :
सॉफ्टवेअर कुठलं? चित्राचा आकार किती? फोटो स्कॅन केलेत की मोबाइलने काढलेत? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

मधलीसुट्टी :
फोटोशॉप घ्या. लेयर → मॅटिंग → डीफ्रिंज, एक पिक्सेल. किनार गेली. पंधरा वर्षं लग्नाचे अल्बम करतोय, दुसऱ्या कशाच्या नादी लागू नका.

रानजाई :
एका कार्यक्रमासाठी महिन्याचे पैसे कशाला भरायचे? गिंप फुकट आहे आणि हे सगळं त्यात होतं.

शेवंतीचा वाफा :
गिंपच आहे. फोटो मावशीने व्हॉट्सॲपवर पाठवलेत. आकार ६ बाय ४, रिझोल्यूशन (इंचाला पिक्सेल) ३००.

खडूफळा :
६ बाय ४ इंचाला लॅपटॉप अडकायला नको.

शेवंतीचा वाफा :
फूट हो! स्टेजच्या मागे लावायचा फ्लेक्स आहे.

खडूफळा :
हे आधी सांगायचं ना. ६ बाय ४ फूट, ३०० ने म्हणजे २१६०० बाय १४४०० पिक्सेल, ३१ कोटींच्या वर. पूर्ण आकाराचा एकेक लेयर, म्हणजे चित्राचा थर, सव्वा जीबी मेमरी खातो. रिझोल्यूशन १०० करा, ७२०० बाय ४८०० होईल, भार नवव्या हिश्शावर येईल.

मधलीसुट्टी :
३०० च्या खाली छपाई फाटते. आम्ही कधीच देत नाही.

खडूफळा :
अल्बम मांडीवर घेऊन बघतात, फ्लेक्स दहा-पंधरा फुटांवरून. दोन्हींना एकच माप कसं लावता? पटत नसेल तर फ्लेक्सवाल्यालाच फोन करून विचारा.

पाणपोई :
सहस्रचंद्रदर्शन ८० पूर्ण झाल्यावर करतात ना? आमच्याकडे ८१ वं लागल्यावरच केलं होतं. शांत कोण करणार आहे?

उंबरठा :
सासूबाईंच्या पंचाहत्तरीला आम्ही फोटोंच्या झेरॉक्स काढून, कापून, फेविकॉलने कार्डशीटवर चिकटवल्या होत्या. कोलाज या मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थही चिकटवणं असाच आहे. कात्रीने कापलेली कड वेडीवाकडी असली तरी छान दिसते. विचार करून बघा.

रानजाई :
उंबरठाताई, सहा फुटांना किती कार्डशीट लागतील! शेवंती, धोतराचं सांगते. धोतर पांढरं, मागची भिंतही पांढरी, त्यामुळे फझी सिलेक्टला (क्लिक केलं की सारखा रंग निवडणारं टूल) दोन्ही सारखीच वाटतात. तिथे पाथ टूलने हाताने कड आखा, धोतराच्या निऱ्यांपाशी जवळजवळ बिंदू द्या. मग पाथवरून सिलेक्शन करा. किनारीसाठी सिलेक्ट → श्रिंक, २ पिक्सेल, म्हणजे सिलेक्शन तेवढं आत सरकतं. कडेच्या पिक्सेलांत मागचा पांढरा रंग मिसळलेला असतो, रेघ तीच. आणि डिलीट दाबू नका, लेयर मास्क लावा (तो भाग पुसत नाही, नुसता झाकतो) आणि त्यात 'सिलेक्शन' निवडा. जास्त कापलं गेलं तर मास्कवर पांढऱ्या ब्रशने फिरवलं की परत येतं. कापलेले फोटो जेपीजीत ठेवत असाल तर तेही थांबवा, त्यात पारदर्शक भाग टिकत नाही. पीएनजी करा.

खडूफळा :
मावशींना सांगा, फोटो व्हॉट्सॲपवरच पाठवा, पण डॉक्युमेंट म्हणून. नुसता फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो.

शेवंतीचा वाफा :
धोतर परत आलं! पाऊण तास लागला, पण निरी न् निरी आली. १०० वर लॅपटॉपही चालतोय. मावशीने डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या फोटोत आजीच्या नथीतले मोती सुटे दिसतात, आधी नुसता पांढरा ठिपका होता. रानजाई, खडूफळा, खूप खूप आभार. फ्लेक्सवाला जेपीजी मागतोय, देऊ ना?

रानजाई :
शेवटची एकत्र फाइल जेपीजी चालेल, तिथे पारदर्शक काही उरत नाही. क्वालिटी ९५ ठेवा. पण गिंपची लेयरवाली एक्ससीएफ फाइल जपून ठेवा, एखादं नाव चुकलं तर बुधवारी रात्री तीच लागेल.