मदत हवी आहे: लकव्यानंतर आईची प्रगती मोजायची कशी? दादाचे गुण ९५, माझे ८०

नमस्कार मंडळी,

आईला (वय ६७) गेल्या वर्षी जूनमध्ये लकव्याचा झटका आला. मेंदूच्या उजव्या बाजूला गुठळी झाली आणि डावा हात, डावा पाय गेला. बोलणं सुदैवाने शाबूत आहे. ती साताऱ्याला दादा-वहिनीकडे असते, मी पुण्याहून दर पंधरा दिवसांनी जाते. आता चौदा महिने झाले.

फिजिओथेरपीच्या ताईंनी सुरुवातीलाच बार्थेल इंडेक्सचा तक्ता दिला होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: जेवण, अंघोळ, तोंड धुणं-केस विंचरणं, कपडे, शौचावर ताबा, लघवीवर ताबा, संडासचा वापर, पलंगावरून उठून खुर्चीत बसणं, चालणं आणि जिना अशा दहा गोष्टी. गुण ५च्या पटीत, सगळे मिळून १००. घरी आणलं तेव्हा आईचे २५ होते. तीन महिन्यांनी ६० झाले, सहा महिन्यांनी ८०. तेव्हापासून आकडा जागचा हललेला नाही.

मागच्या रविवारी दादाने आणि मी वेगवेगळं बसून तक्ता भरला. त्याचे आले ९५, माझे ८०. आई तीच, आठवडा तोच! फरक तीनच ठिकाणी पडला: अंघोळ, कपडे, चालणं. दादा म्हणतो, तिला येतं. आणि खरंच येतं. रविवारी घाई नसली की ती स्टुलावर बसून एका हाताने तांब्या घेते, वेळ लागतो पण सगळं आपलं आपण आटोपते. सोमवार ते शनिवार मात्र वहिनीला शाळा गाठायची असते. मग पाठीवर पाणी वहिनी घालते, गाऊनची डावी बाही वहिनी चढवते. चालताना आईच्या हातात काठी असते, पण मागे कुणीतरी असतंच. आता गुण 'येतं' याचे द्यायचे की 'करते' याचे?

वाद नुसत्या गुणांचा असता तर इथे लिहिलं नसतं. दिवसा आईपाशी थांबणाऱ्या मावशी दिवाळीनंतर गावी जाणार आहेत. दादाचं म्हणणं, ९५ म्हणजे आई दहा ते पाच एकटी राहू शकेल. माझ्या पोटात गोळा येतो.

अजून एक. जेवणाचे आम्ही दोघांनीही पूर्ण १० दिले, कारण ती आपल्या हाताने जेवते. पण सुरुवातीचे कित्येक महिने ताटाची डावी बाजू तशीच राहायची. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, कशालाच हात नाही. वर मलाच विचारायची, "आज कोशिंबीर नाही का गं केलीस?" नजर चांगली आहे, डावीकडे लक्षच जात नाही, असं डॉक्टरांनी समजावलं. मग वहिनीने ताटाच्या डाव्या कडेला लाल फडका ठेवायला सुरुवात केली. आई आधी लाल रंग शोधते आणि तिथून उजवीकडे येत जेवते. गेल्या तीन महिन्यांपासून कोशिंबीर संपते आहे. पहिल्यांदा संपली त्या दिवशी वहिनीने मला रिकाम्या वाटीचा फोटो पाठवला होता. तक्त्यात मात्र तेव्हाही १०, आताही १०.

१९९५च्या कोपनहेगनच्या अभ्यासाबद्दल वाचलं, की ९५ टक्के रुग्णांची रोजच्या कामांतली सुधारणा साडेबारा आठवड्यांत पूर्ण झाली होती. ते वाचल्यापासून दादा म्हणतो, आता जे आहे ते आहे. तसं असेल तर ही कोशिंबीर कुठे मांडायची? वर्ष-दोन वर्षांची वाटचाल दिसेल असं काही मोजमाप आहे का? कुणी घरी ठेवलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद: ओटीताई

मी व्यवसायोपचार तज्ज्ञ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून मदत करणारी) आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. बार्थेलमध्ये माणूस प्रत्यक्षात काय करतो ते लिहायचं, काय करू शकेल ते नाही. साधारण मागचे २४ ते ४८ तास बघायचे. काठी, स्टूल, कठडा चालतो, त्याचे गुण कापायचे नाहीत. पण नुसतं मागे उभं राहावं लागत असेल तरी ते 'स्वतंत्र' धरत नाहीत. म्हणून तुमचे ८० बरोबर.

तरी दादांचे ९५ फेकून देऊ नका. दोन रकाने करा, 'करते' आणि 'येतं'. मधले १५ गुण आईच्या अंगात आहेत, पण रोजच्या घाईत ते वापरले जात नाहीत. वहिनींचा यात काही दोष नाही, सकाळी कुणाच्याही घरी हेच होतं. आठवड्यातून दोन दिवस अंघोळ संध्याकाळी ठेवता आली तर बघा. आणि तक्ता दर वेळी एकाच व्यक्तीने भरावा. भरणारा बदलला की ५ गुण इकडेतिकडे होतातच, ती सुधारणाही नाही आणि घसरणही नाही.

एकटं ठेवण्याचं म्हणाल, तर १९६५मध्ये महोनी आणि बार्थेल यांनी हा तक्ता छापला तेव्हा त्यांनीच लिहून ठेवलंय, की १०० गुण मिळाले म्हणजे माणूस एकटा राहू शकतो असं नाही. स्वयंपाक, घर चालवणं, बाहेरच्यांशी व्यवहार यातलं काहीच त्यात येत नाही. त्यासाठी लॉटनचा तक्ता बघा: फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं, पैसे. फक्त आई आजारापूर्वी बँकेत जातच नसतील, तर ते आजाराच्या खात्यावर टाकू नका.

लांब पल्ल्यासाठी मला फ्रेंचे इंडेक्स जास्त पटतो. त्यात पंधरा कामं आहेत आणि मागच्या तीन किंवा सहा महिन्यांत ती किती वेळा केली एवढंच विचारतात. एकूण ४५ गुण. भांडी घासली का, बाहेर पंधरा मिनिटांहून जास्त चाललात का, पुस्तक वाचलं का.

कोपनहेगनचा निष्कर्ष याच बार्थेलवर काढलेला आहे. म्हणजे त्यातली सुधारणा या दहा गोष्टींच्या एकूण गुणांवरून मोजलेली. लाल फडक्याने डावी बाजू शोधायला शिकणं तिच्यात दिसणारच नाही.

प्रतिसाद: कृष्णाकाठ

वडिलांच्या वेळी आम्ही मिनिटं लिहायचो. शर्टाची बटणं लावायला पहिल्यांदा २२ मिनिटं, दहा महिन्यांनी ६. गुण दोन्ही वेळा सारखेच. साधी शंभर पानी वही पुरते.

एकटं ठेवण्याआधी आम्ही दोन गोष्टी करून पाहिल्या. मी शेजारच्या घरात बसलो आणि बाबांना मला फोन लावायला सांगितला, फोन डावीकडे ठेवून. तीन दिवस जमलं नाही. दुसरं म्हणजे जमिनीवर बसवून, धरायला माणूस तयार ठेवून, उठता येतं का ते पाहिलं. पडल्यावर उठता येत नसेल तर दहा ते पाच फार लांब वेळ आहे, ताई. तुमच्या दादांना हे करून दाखवा. वाद घालायची गरज पडणार नाही.

धागाकर्तीचा प्रतिसाद

ओटीताई, कृष्णाकाठ, मनापासून आभार. शनिवारी साताऱ्याला जाऊन आले.

दोन रकान्यांची वही सुरू केली आहे. भरणार वहिनी, कारण रोज बघणारी तीच. फोनची परीक्षा पहिल्या दिवशी जमली नाही, दादा स्वतः शेजारी बसला होता. तो काही बोलला नाही, पण संध्याकाळी मावशींच्या बदलीसाठी दोन ठिकाणी फोन केले त्याने.

मग मला वाटलं, आपण एवढं मोजतोय तर आईला विचारूया, तुला काय यायला हवंय. मी धरून चालले होते स्वयंपाक म्हणेल. ती म्हणाली, "रात्री कुणाला न उठवता मोरीत जाऊन यायचंय." तेव्हा कळलं, की रोज रात्री दोनदा ती वहिनीला हाक मारते आणि वहिनी उठते. आम्ही दोघांनी संडासला पूर्ण १० दिले होते, दिवसाचं बघून! ते ५ केले. म्हणजे आईचे गुण ८० नाहीत, ७५ आहेत.

आता त्याच्याच मागे लागायचं ठरवलंय. पलंगापासून दारापर्यंत अकरा पावलं आहेत, मध्ये उंबरा. भिंतीला कठडा बसवायचा आहे, पण जाताना जी भिंत तिच्या उजव्या हाताला येते, तीच येताना डाव्या हाताला. बोळ अरुंद आहे, दोन्ही बाजूंना कठडे लावले तर काठीसकट आई मावेल का अशी शंका वाटते. बोळाची रुंदी ३२ इंच. कुणी इतक्या जागेत दुहेरी कठडा बसवला आहे का? भिंतीपासून किती अंतर सोडलंत आणि उंची किती ठेवलीत?