फॅक्टरचे डोस खरंच किती घेतले, हे मोजायचं कसं?

प्रश्न: वय ३४, हिमोफिलिया ए (रक्त नीट न गोठण्याचा आजार), गंभीर प्रकार. रक्त गोठवणारं प्रथिन, म्हणजे 'फॅक्टर ८', एक दिवस सोडून घरीच टोचून घेतो. परवा डॉक्टरांनी विचारलं, "डोस चुकत नाहीत ना?" मी नाही म्हणालो. घरी फ्रीज उघडला, तर चार कुप्या शिल्लक! तुम्ही हिशेब कसा ठेवता?

उत्तर: टोचल्या टोचल्या वहीत तारीख, वेळ, युनिटं लिहा. तपासणीच्या आदल्या रात्री आठवून भरलेली वही बिनकामाची. महिनाअखेर रिकाम्या कुप्या मोजून ताळा करा.

उत्तर: दादा, डोस किती नेमाने घेतो हे तपासणाऱ्या व्हेरिटास-प्रो प्रश्नावलीबद्दल हिमोफिलिया उपचार केंद्रात विचारा. २४ प्रश्न, सहा विषयांवर: वेळ, डोस, नियोजन, आठवण, टाळणं, केंद्राशी संपर्क. गुण २४ ते १२०, जास्त म्हणजे पालन कमी. कुप्या आकडा सांगतात, ही कारण सांगते. माझी गडबड वेळेची निघाली. मी रात्री टोचायचो. साधारण बारा तासांत फॅक्टर निम्म्यावर येतो, म्हणजे कामावर धावपळीच्या वेळी संरक्षण कमीच. आता सकाळी सहाला घेतो.

प्रश्नकर्ता: वहीशी ताडून पाहिलं. दोन डोस विसरलो होतो. दोन मात्र गुडघा दुखत नव्हता म्हणून मीच सोडले. सोमवारी डॉक्टरांना हेच सांगणार आहे.