बॅगच्या बाजूला पोट फुगतंय, हर्निया असेल का? (सासरे, कोलोस्टॉमी)

दांडिया_बझार_सून:
नमस्कार मंडळी, आम्ही बडोद्याचे. सासऱ्यांचं गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन गेल्या वर्षी झालं, डाव्या बाजूला कायमची कोलोस्टॉमी आहे, म्हणजे मोठ्या आतड्याचं तोंड (स्टोमा) पोटावर काढलंय आणि मल तिथून बॅगेत येतो. हल्ली संध्याकाळ झाली की स्टोमाच्या बाहेरच्या अंगाला पोट वर आलेलं दिसतं, सदऱ्यावरून पण कळतं की एक बाजू पुढे आहे, आणि सकाळी बघावं तर सपाट. दुखत नाही म्हणतात पण ओढल्यासारखं वाटतं, आणि बॅग आधी छान टिकायची ती आता दुसऱ्याच दिवशी कडेने सुटते. बाबा म्हणतात गॅस आहे, सासूबाई म्हणतात वजन वाढलंय. बॅग आमचे हे बदलून देतात त्यामुळे मी स्वतः नीट पाहिलेलं नाही. डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यात आहे, तोवर घरी काय बघायचं?

मांजलपूरकर:
ताई, मला पण कोलोस्टॉमी आहे आणि हर्निया पण. तुमच्या ह्यांना सांगा, बाबांना आरशासमोर उभं करा, बॅग रिकामी असताना, आणि खोकायला लावा. स्टोमाच्या शेजारी हात ठेवला की खोकताना हाताला धक्का लागतो, मग पाठीवर झोपवलं की थोड्या वेळात फुगवटा आत जातो. असं होत असेल तर हर्नियाच असण्याची शक्यता जास्त, पोटाच्या स्नायूत स्टोमासाठी जे भोक केलेलं असतं ते सैल होतं आणि आतडं त्याच्या बाजूने कातडीखाली येतं. सेव उसळ खाऊन फुगतं ते गॅसचं, त्यात बॅग पण फुगते आणि गॅस गेला की पोट उतरतं, रोज त्याच एका जागी येत नाही. मला आधी एका ठिकाणी नुसतं झोपवून तपासलं आणि काही नाही म्हणून घरी पाठवलं, म्हणून डॉक्टरांना मुद्दाम सांगा की उभं करून बघा. मोबाईलवर संध्याकाळचा आणि सकाळचा फोटो काढून ठेवा, फार उपयोग होतो. नक्की काय आहे ते बघायला सीटी स्कॅन सांगतात कधी कधी.

स्टोमा_सिस्टर:
बॅग सुटते तेही त्यामुळेच असेल. खालची कातडी गोल झाली की बॅगची कातडीला चिकटणारी कडक प्लेट बसत नाही आणि स्टोमाचा आकारही बदलतो, कधी लांबट होतो, कधी चपटा. स्टोमा पुन्हा मोजा, उभं राहून आणि झोपून दोन्ही, प्लेटचं भोक स्टोमापेक्षा 2-3 मिमीच मोठं कापा, आणि मऊ वाकणारी प्लेट मागवून बघा. जर स्टोमाच लांब होऊन सोंडेसारखा बाहेर येत असेल तर तो प्रोलॅप्स, तो वेगळा. बाबांना सांगा की यात त्यांचं काही चुकलेलं नाही, कायमच्या कोलोस्टॉमीत पहिल्या 2 वर्षांत साधारण 40 टक्के लोकांना हा हर्निया होतो. जुना खोकला, बद्धकोष्ठ, वाढलेलं पोट, जड उचलणं याने वाढतो. पोटाला आधार देणारा बेल्ट मापाचाच घ्या, सकाळी झोपूनच बांधायचा, फुगवटा आत असताना.

दांडिया_बझार_सून:
खूप आभार दोघांचे. ह्यांनी आत्ताच बघितलं, खोकताना हाताला लागतंय आणि झोपल्यावर गेलं. बाबा रोज सकाळी पाण्याची बादली गच्चीवर नेतात कुंड्यांना, ती आजपासून बंद. ऑपरेशन लगेच करावं लागतं का?

मांजलपूरकर:
नाही, त्रास नसेल तर बरेच जण बेल्टवरच राहतात, मी पण. ऑपरेशन जाळी लावून करतात पण हर्निया नंतर परत होऊ शकतो म्हणून सर्जन घाई करत नाहीत.

स्टोमा_सिस्टर:
पण हे सगळ्यांना घरात सांगून ठेवा. फुगवटा कडक झाला, झोपूनही आत जाईना, पोटात जोरात कळा, उलट्या, बॅगेत मल आणि गॅस दोन्ही बंद, किंवा स्टोमा लालचा जांभळा-काळा पडला, यातलं काहीही दिसलं तर वेळेची वाट बघायची नाही, रात्र असो की दिवाळी, सरळ इमर्जन्सीला न्यायचं, आणि तोवर खायला-प्यायला काही द्यायचं नाही. आतडं अडकलं असेल तर तास महत्त्वाचे असतात.